'बारातली सात रोपं मेली' या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

ताई, नमस्कार. नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावरची ही नर्सरी मी चालवतो. तुमचा रिव्ह्यू आठ दिवसांपूर्वीचा आहे आणि मी आज उत्तर देतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात लिहितो. नोव्हेंबरमध्ये तुम्ही आमच्याकडून 40 रुपयांना एक अशी स्ट्रॉबेरीची 12 रोपं नेली. सात मेली. उरलेल्या पाचांची पानं पिवळी पडली, फळं वाकडीतिकडी आली, एका फळावर राखाडी बुरशी आली. आमच्या मुलाने फोनवर सांगितलेलं बुरशीनाशक मारलं, फरक पडला नाही. नंतर दोन वेळा फोन केला, कोणी उचलला नाही. महाबळेश्वरची म्हणून साधी रोपं गळ्यात मारली, असंही तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी लिहिलंय की मुलगी रोज शाळेत जायच्या आधी कुंड्या बघायची, आता बघत नाही. ते वाचून मी तुमचे चारही फोटो मोठे करून नीट पाहिले.

रोपं महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या शेतकऱ्याकडूनच आली होती, जात विंटर डॉन. ही जात मूळची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, पण आपल्याकडे आता चांगली रुळलीय. बिल माझ्याकडे आहे, आलात की दाखवतो. पण रोपं खरी असली म्हणून तुमचं नुकसान कमी होत नाही, तेव्हा तो मुद्दा इथेच सोडतो.

दुसऱ्या फोटोत मला कारण दिसलं. पानांचे देठ थेट मातीतून वर आलेत, कोथिंबिरीची जुडी खोचावी तसे. स्ट्रॉबेरीच्या रोपाला मुळं आणि पानं यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा जाड बुंधा असतो, त्याला आम्ही क्राऊन म्हणतो. नवं पान, नवं फूल सगळं त्याच्या मधल्या कोंबातून येतं. हा कोंब मातीच्या वर राहायला हवा. तो गाडला गेला की वरून घातलेलं पाणी त्यात साचतं आणि रोप आतून कुजतं. उलट क्राऊन फार वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. अर्ध्या इंचाच्या फरकाने रोप जातं. त्याच फोटोत कुंडीखालची थाळी पाण्याने भरलेली आहे, म्हणजे मुळंही पाण्यातच होती.

हे रोप देताना सांगायला हवं होतं. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं शेतकरी, त्यांना लावणी शिकवावी लागत नाही, आणि त्या सवयीने आम्ही तुमच्या हातात नुसती पिशवी दिली. ती आमची चूक. या सात रोपांचे 280 रुपये मी परत देणार आहे. बदली रोपं मात्र आत्ता देणार नाही. फेब्रुवारीत लावलेलं रोप मूळ धरेपर्यंत ऊन तापतं, फळ धरायला वेळच उरत नाही. आज रोपं देऊन तुमची समजूत काढणं म्हणजे तुम्हाला दुसऱ्यांदा फसवणं होईल. ऑक्टोबरमध्ये नवी खेप आली की सात रोपं तुमच्यासाठी बाजूला ठेवतो, त्याचे पैसे नकोत.

एक विनंती. मेलेल्यांपैकी एखादं रोप टाकलं नसेल तर घेऊन या. क्राऊन उभा चिरला की आतला रंग दिसतो. आत लालसर-तपकिरी डाग असतील तर बुरशी रोपाबरोबरच आलेली असू शकते. मग दोष लावणीचा नाही, आमच्या मालाचा, आणि त्या खेपेतली रोपं नेलेल्या सगळ्यांना मला फोन करावा लागेल.

आता पिवळ्या पानांबद्दल. पिवळी झालीत ती कोवळी पानं, आणि त्यांच्या शिरा अजून हिरव्या आहेत. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. माती निफाडच्या शेतातली आहे आणि पाणी सोसायटीच्या बोअरचं, असं तुम्हीच लिहिलंय. त्या काळ्या मातीत चुना जास्त, बोअरच्या पाण्यात क्षार, आणि स्ट्रॉबेरीला हवी किंचित आंबट माती, सामू (pH) साडेपाच ते साडेसहा. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. 'जिथे द्राक्ष येतं तिथे स्ट्रॉबेरी येणारच' असं आमच्या माणसाने तुम्हाला सांगितलं, ते चूक आहे. आपल्याकडचं द्राक्ष बहुतेक डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलाच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, कलम केलेलं असतं, तो खुंट पुष्कळ सोसतो. स्ट्रॉबेरीची मुळं नाजूक आणि उथळ, त्यांना खारेपणा अजिबात चालत नाही.

कुंडीला महापालिकेच्या नळाचं पाणी द्या. गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवीन येणारी बघा. माती आत्ता बदलू नका, फळं धरलेली आहेत. फक्त चमच्याने क्राऊनभोवतीची माती हलकेच बाजूला करा, कोंब उघडा दिसेपर्यंत. ऑक्टोबरच्या लावणीला लाल माती, धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागाने घेऊ. कुंडी आठ-दहा इंच खोल पुरते, खाली भोकं हवीत, थाळी नको. बोट एक पेर आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

वाकड्या फळांनी मुलगी हिरमुसली असेल, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. तिला एक फळ हातात देऊन त्यावरच्या बारीक पिवळट बिया दाखवा. खरं तर यातली प्रत्येक बी म्हणजे एक छोटं फळ आहे. ज्या बीपर्यंत पराग पोहोचतो तिच्याभोवतीचा गर फुगतो, जिथे पोहोचत नाही तिथे तो बसका राहतो. तिसऱ्या फोटोतल्या फळाचं टोक चिमटल्यासारखं आहे आणि तिथल्या बिया दाटीने चिकटून बसल्यात, ते यामुळेच. तुमची बाल्कनी सातव्या मजल्यावर आणि काचेने बंद. मधमाशी येणार कुठून?

मुलीच्या रंगपेटीतला मऊ, कोरडा ब्रश घ्या. सकाळी दहाच्या सुमाराला फूल पूर्ण उमललेलं असतं. फुलाच्या मधल्या पिवळ्या उंचवट्यावर आणि त्याच्या कडेच्या पुंकेसरांवरून ब्रश गोल गोल फिरवायचा, प्रत्येक फुलावर, दोन-तीन दिवस लागोपाठ. दिवसा काच उघडी ठेवली तर वाराही थोडं काम करतो. झालेली फळं सरळ होणार नाहीत, पण चवीला त्यांच्यात काही कमी नसतं. या फुलांची फळं महिन्याभरात हाती येतील.

राखाडी लव आलेलं फळ काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. त्याची बुरशी ओल्या मातीला टेकलेल्या फळावर आधी येते. फळांखाली भाताचा पेंढा अंथरा. आम्ही इगतपुरीकडून आणतो, मूठभर घेऊन जा. पाणी कडेने मातीत घाला, पानांवर नको.

आमच्या मुलाने फोनवर फोटो न बघताच औषध सांगितलं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास झालाय. चौथ्या फोटोत पानाच्या मागे बारीक जाळं आहे. तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसतील. बुरशीनाशकाने ते मरत नाहीत. थंडी सरून बाल्कनीत कोरडी गरम हवा सुरू झाली की ते भराभर वाढतात. दोन दिवसांआड पानांची मागची बाजू पाण्याने जोरात धुवा. मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारा. पान धुतलं की संध्याकाळपर्यंत ते वाळू द्या, रात्रभर ओलं नको.

आणि बुरशीनाशक मारल्यावर कुंडीतली फळं मुलीला दिली असतील किंवा द्यायची असतील, तर आधी त्या बाटलीवरचं लेबल बघा. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. द्राक्षवाले तो आकडा पाळतात, घरच्या कुंडीलाही तोच लागू आहे. तेवढे दिवस झाले नसतील तर ती फळं खाऊ नका. लेबलचा फोटो मला पाठवा, मी बघून सांगतो. इथून पुढे खाण्याच्या झाडाचं कुठलंही औषध माझ्याशी बोलल्याशिवाय कोणी सांगणार नाही, असं मी नर्सरीत सगळ्यांना बजावलंय. तुमचे फोन उचलले गेले नाहीत त्याचं कारण देत बसत नाही, उचलायला हवे होते.

ही पाच रोपं मार्चनंतर लांब तंतू सोडतील, त्यांना रनर म्हणतात. फळं चालू असेपर्यंत ते कापा, नाहीतर रोपाची ताकद तिकडे जाते. फळं संपली की दोन-तीन ठेवा, त्यांच्या टोकाला पानं फुटली की तो भाग शेजारच्या कुंडीत मातीला टेकवून ठेवा. मे महिन्यात मात्र सगळं सावलीत हवं.

नर्सरी सोमवारी बंद असते, बाकी दिवस सकाळी नऊपासून मी असतो. मुलीला आणणार असाल तर रविवारी या. आमच्या वाफ्यात फळं पिकलीत, तिला स्वतः तोडू द्या. पूर्ण लाल झालेलंच घ्यायला सांगा, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. आणि फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचा.