सत्ताविसावा कँटन? छे!

"लिश्टेनस्टाइन हा नावापुरता देश. चलन स्विस, सैन्य स्विस, परराष्ट्र धोरण स्विस, आणि पोट भरतं बँकांवर. स्वित्झर्लंडचे कँटन (घटकराज्यं) २६, हा सत्ताविसावा." स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये वसलेल्या या देशाबद्दलचा हा मजकूर इतका फिरलाय की आता लोक तो सामान्यज्ञान म्हणून सांगतात.

चलनाचं खरं आहे. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी सीमाशुल्क करार झाला (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालाला एकच जकात), १९२४ पासून लागू झाला आणि स्विस फ्रँक आला. पण त्याआधी, १८५२ पासून, हाच देश ऑस्ट्रियाशी तसाच बांधलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं चलन मातीमोल झालं, तेव्हा १९१९ मध्ये लिश्टेनस्टाइनने तो करार मोडला आणि दुसऱ्या शेजाऱ्याचं दार ठोठावलं. कँटनला अशी सोय नसते.

सैन्याचं मात्र साफ चूक. लिश्टेनस्टाइनने आपलं सैन्य १८६८ मध्ये मोडीत काढलं, हे बरोबर; पण स्वित्झर्लंडने त्याचं रक्षण करावं असं बंधन घालणारा करारच नाही. सीमाशुल्क करार संरक्षणाचा करार नव्हे.

आता परराष्ट्र धोरण. जिथे लिश्टेनस्टाइनचा दूतावास नाही, तिथे १९१९ पासून स्विस दूतावास त्याचं काम पाहतात. पण वकील अशिलाच्या वतीने बोलतो म्हणून तो अशिलाचा मालक होत नाही. संयुक्त राष्ट्रांत लिश्टेनस्टाइन १९९० मध्ये गेला. स्वित्झर्लंड तिथे पोहोचला २००२ मध्ये! सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला गेला की आमसभेत त्यावर चर्चा व्हायलाच हवी, हा २०२२ चा ठरावही याच चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने आला.

सगळ्यात मजेदार प्रकरण १९९२ चं. युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपीय संघाच्या सामायिक बाजारात, जायचं का, यावर ६ डिसेंबरला स्विस मतदारांनी ५०.३ टक्क्यांनी नकार दिला. आठवड्याभरात, १३ तारखेला, लिश्टेनस्टाइनने होकार दिला. पंचाईत अशी की दोघांमधली सीमा उघडी. युरोपीय नियमांनी आलेला माल तिथून गुपचूप स्वित्झर्लंडमध्ये झिरपला तर? सीमेवर पहारा बसवायचा नव्हता. मग सीमाशुल्क करार दुरुस्त झाला. लिश्टेनस्टाइनच्या बाजारात स्विस आणि युरोपीय दोन्ही नियमांचा माल चालेल, पण तो पुढे कुठे जातो यावर लिश्टेनस्टाइनने स्वतः नजर ठेवायची. १९९५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा जनमत घेतलं आणि १ मे रोजी प्रवेश झाला. एक पाय स्विस बाजारात, एक ब्रसेल्सच्या नियमांत. ही कसरत आजही चालू आहे.

बँकांबद्दल थोडक्यात: वित्तव्यवसाय मोठा आहेच, पण उद्योगांचा वाटा त्याहून मोठा. बांधकामाच्या ड्रिलसाठी जगभर ओळखली जाणारी हिल्टी शान गावची. नोकऱ्या इतक्या की निम्म्याहून अधिक कामगार रोज सीमेपलीकडून येतात. म्हणजे शेजाऱ्याची गरज एकतर्फी नाही.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के शुल्क लावलं, लिश्टेनस्टाइनच्या मालावर १५ टक्के. सीमाशुल्क क्षेत्र एकच, पण तेव्हा दर दोन होते.