पाठकोरा

आमच्या घरात कागदाची कोरी बाजू आईची, हा कायदा माझ्या जन्माआधीपासून लागू आहे. कराडला विजेची बिलं, लग्नपत्रिका, माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, ज्याची म्हणून पाठ कोरी त्यावर वाणसामानाची यादी यायचीच. यंदा उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे व्हर्जिनियाला आली, तेव्हा मेतकूट आणि गोधडीबरोबर हा कायदाही आला. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांना तो दिसला नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी लेक शाळेतून चार पानं घेऊन आली. आठवीच्या ‘सिव्हिक्स अँड इकॉनॉमिक्स’च्या वर्गातल्या अपेक्षा आणि नियम. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, म्हणजे कॅमेरा बंद करून चहा करत होतो. तिने शेवटचं पान पुढे केलं, मी सही ठोकली.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“बाबा, तू फक्त सहीची रेघ वाचलीस.”

यात माझा तरी काय दोष? माझ्या शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी बांधलेलं शेपूट. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटायचे, इंग्रज यायचे, जायचे आणि मग फेब्रुवारीत, निम्मा वर्ग पेंगत असताना, ग्रामसभा भरायची. सर म्हणायचे, “हे सोपं आहे, घरी वाचा.” घरी आई म्हणायची, “त्याला मार्क किती? त्यापेक्षा गणित कर.” तरीही सरपंचाची कामं मी घडाघडा म्हणून दाखवायचो. सरपंच मात्र झालो नाही. वर्गाचे नियम वगैरे कागदावर कधी आले नाहीत. सरांची अपेक्षा एकच, आवाज नको. ती मोडली की डस्टर उडत यायचा.

इथल्या बाईंनी मात्र सगळं लिहून दिलं होतं. दीड इंची बाइंडर, त्यात पाच कप्पे. फोन पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बंद (हा बाईंचा नियम नव्हे, २०२५ पासून राज्याचाच कायदा). परीक्षेत सत्तरच्या खाली गेलात तर पुन्हा बसता येईल, पण आधी प्रत्येक चूक का झाली ते लिहून द्यायचं. काम उशिरा दिलं तर दिवसाला दहा टक्के कापणार. गुणांची तक्रार विद्यार्थ्यानेच करायची, पालकांच्या ईमेलला उत्तर मिळणार नाही. शेवटी, हा कागद सहीनिशी शुक्रवारपर्यंत परत आला पाहिजे आणि त्यालाच दहा गुण. अगदी तळाला बारीक टायपात एक ओळ: ‘तुमच्या पाल्याबद्दल मला काही कळवायचं असल्यास मागच्या बाजूस लिहा. कोणतीही भाषा चालेल.’

हे सगळं आता मला पाठ आहे. सही केली तेव्हा नव्हतं.

बुधवारी गणेश चतुर्थी होती. दीड दिवसाचा गणपती, पण तयारी दहा दिवसांच्या मंडळाची. सही केलेलं पान ओट्यावर, पान पाठकोरं आणि आईला यादी करायची. ओले नारळ दोन, गूळ (पिवळा नको), तांदळाची पिठी, साजूक तूप, वेलदोडे, खसखस, विड्याची पानं, दूर्वा एकवीस. सामान आल्यावर यादी टाकून द्यायची, तर ते आईच्या कायद्यात बसत नाही. चौरंगाचा एक पाय डुगडुगत होता. आईने पानाची चार पदरी घडी घालून पायाखाली सरकवली आणि बाप्पा सरळ झाले.

शुक्रवार उलटला. शनिवार, रविवार आणि सोमवारची लेबर डेची सुट्टीही गेली. चौरंग उचलताना पान सापडलं. मंगळवारी लेकीने ते कुंकवाच्या एका बोटासह बाईंकडे दिलं.

बाईंनी ताबडतोब दोन गोष्टी केल्या. सहा गुण दिले, आणि आजीचं अक्षर फोनमधल्या भाषांतर यंत्राला दाखवलं.

दुपारी शाळेच्या नर्सचा बायकोला फोन. आवाज गंभीर. “तुमच्या मुलीला नारळाची ॲलर्जी आहे का?” बायको म्हणाली, “नाही, का?” “तुपाची?” “अजिबात नाही.” “बरं, मग गवताची?” बायको गप्प. “इथे गवताच्या एकवीस काड्या असं स्पष्ट लिहिलंय,” नर्स म्हणाल्या. खसखशीपाशी आल्यावर तर त्या कुजबुजायलाच लागल्या. बायकोने गणपती, मोदक आणि सासूबाई, तिन्ही विषय पंधरा मिनिटांत इंग्रजीतून समजावले. दूर्वा म्हणजे बर्म्युडा गवत हे सांगितल्यावर नर्सबाई म्हणाल्या, “अरे, ते तर मी औषध मारून मारून थकले. हवं तेवढं घेऊन जा.” पुढच्या वर्षीची सोय झाली.

इकडे सहा गुणांवरून घरात वेगळंच रण पेटलं होतं. मी तावातावाने लॅपटॉप उघडला. बाईंना असं झणझणीत ईमेल लिहितो की…

“नाही लिहू शकत,” लेक म्हणाली. “पान तीन. तू सही केली आहेस.”

“अगं, पण चूक माझी आहे, तुझी नाही.”

“ते पण पान तीनवर आहे.”

दुखऱ्या जागी मीठ असं की, त्याच दिवसांत मी स्वतः सिव्हिक्सचा विद्यार्थी होतो. अमेरिकन नागरिकत्वासाठी मुलाखत द्यायची होती. शंभर प्रश्नांची यादी, अधिकारी त्यातले जास्तीत जास्त दहा तोंडी विचारतो, सहा बरोबर आले की पास. (मी अर्ज लवकर टाकला म्हणून एवढ्यावर निभावलं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी, त्यातले वीस, आणि बारा बरोबर यावे लागतात.) भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे सरपंच होण्याची उरलीसुरली आशाही मी सोडणार होतो. लेक रोज रात्री भांडी आवरताना माझी उजळणी घ्यायची.

“दहात सहावर तुला अख्खा देश मिळतो,” ती म्हणाली, “आणि मला दहात सहावर आईची बोलणी.”

मग तिने स्वतःच अपील लिहिलं. मुद्दा एकच. नियमात ‘दिवसाला दहा टक्के’ असं आहे. दिवस म्हणजे कॅलेंडरचा की शाळेचा, याची व्याख्या नाही. कॅलेंडर धरलं तर चार दिवस, शाळा धरली तर एक. नियम करणाऱ्याने शब्द मोघम ठेवला तर त्याचा फायदा ज्याच्यावर नियम चालतो त्याला मिळाला पाहिजे. कुठून शिकली कोण जाणे. मी या वयात ‘सर, पोटात दुखतंय’ याच्या पलीकडे युक्तिवाद केलेला नाही. बाईंनी नऊ गुण केले आणि चारही पानांवर ‘शाळेचा दिवस’ अशी दुरुस्ती करून ती पुन्हा सगळ्या वर्गाला वाटली. सहीसाठी.

या खेपेला मी ती वाचली. चष्मा लावून, दोनदा.

पुढच्या आठवड्यात पालकांची रात्र होती. मुलांचं वेळापत्रक हातात धरून दर दहा मिनिटांनी घंटा वाजली की चाळिशीतली माणसं जिने चढत-उतरत धावतात, असा तो प्रकार. आई हट्टाने आली. धापा टाकत सिव्हिक्सच्या वर्गात पोचलो तर बाई जॉर्ज मेसनबद्दल बोलत होत्या. माणूस इथलाच, त्याचं गन्स्टन हॉल हे घर आमच्या भागात अजून उभं आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात संविधान तयार होत होतं तेव्हा हा गडी सगळा उन्हाळा तिथे बसला, भरपूर बोलला आणि शेवटी सहीला ठाम नाही म्हणाला. कारण मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. ती यादी पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने १७९१ मध्ये आली. शेवटपर्यंत हजर राहून सही न करणारे तिघंच होते.

मी आईला हळूच मराठीत सांगितलं. तिला ते फार पटलं. “यादी नसताना सही करायचीच कशाला?” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

बाईंनी जाता जाता आईचा हात हातात घेतला. “यादी लिहिणाऱ्या तुम्हीच ना?” मी दुभाषा. आई म्हणाली, “त्यांना सांग, नारळ इथे चांगले मिळत नाहीत.”

अर्थशास्त्राचा भाग ऑक्टोबरात आला. वर्गाचं स्वतःचं चलन, प्रत्येकाला नोकरी आणि बसायच्या बाकाला भाडं. लेकीकडे पेन्सिली वाटण्याचं काम. पगार आठवड्याला पन्नास, भाडं पस्तीस. उरलेल्या पंधरात काही होत नाही म्हणून ती आजीकडे रडली. आजी म्हणाली, “अगं, मग भिशी लाव.” आठवड्याभरात दहा मुलींची भिशी सुरू, दर आठवड्याला दहा-दहा आणि चिठ्ठी निघेल तिला शंभर. पहिल्याच चिठ्ठीत एकीने खिडकीजवळची जागा विकत घेतली. बाई खूश झाल्या, पण त्यांनी लेखी विचारलं, जिला पहिल्यांदा पैसे मिळाले तिने पुढचे हप्ते बुडवले तर काय? हमी कोणाची? लेकीने आजीला विचारलं. आजीचं उत्तर सरळ होतं, “बुडवेल कशी? घर माहीत असतं ना.”

लेकीने ते शब्दशः इंग्रजीत लिहून दिलं. ती कुठे राहते ते आम्हाला माहीत आहे. इंग्रजीत हे वाक्य वेगळंच वाजतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेचा फोन, या वेळी समुपदेशकांचा.

नोव्हेंबरात माझी मुलाखत झाली. अधिकाऱ्याने विचारलं, कायद्याचं राज्य म्हणजे काय? मला एकदम चौरंग आठवला. मी म्हणालो, “कायदा सगळ्यांना लागू असतो, त्याच्या वर कोणी नाही.” माझ्या आवाजात जी कळकळ होती ती त्या खोलीत क्वचितच कोणी ऐकली असेल. सहाव्या बरोबर उत्तराला त्याने थांबवलं आणि निकालाचा कागद हातात दिला.

घरी आलो. आईने कागद हातात घेतला, अभिनंदन केलं, डोळे पुसले आणि तो उलटा केला.

“पाठकोरा आहे की रे.”

“आजी, थांब!” लेक ओरडली. “बाबाने आधी वाचलाय का विचार!”

तोवर आईने ‘कोथिंबीर’ लिहून झालं होतं.