लिव्हिंग विलमध्ये राहून गेलेली ओळ

हल्ली भारतातून फोन आला की लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय निघतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ मध्ये त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी लंडनमध्ये वॉर्डवर नर्स आहे, म्हणून काका, मावश्या, जुन्या मैत्रिणी आपापले मसुदे वाचायला पाठवतात. व्हेंटिलेटर नको, सीपीआर (थांबलेलं हृदय छाती दाबून चालू करणं) नको, नळ्या नकोत. सगळं योग्य. पण दुखणं आणि धाप कोण आवरणार, याबद्दल त्यात एक ओळही नसते.

इथे त्रास आटोक्यात येईना की पॅलिएटिव्ह टीमला, म्हणजे दुखणं-धाप असा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सना, वॉर्डवर बोलावतात, मग केमो चालू असली तरी. गोळी गिळवेनाशी झाली की दुखणं आणि धाप कमी करणारं मॉर्फीन आणि घालमेल शांत करणारं मिडाझोलम कातडीखालच्या बारीक सुईतून, बॅटरीवरच्या छोट्या पंपाने चोवीस तास हळूहळू देतात. घशात घरघर, उलटी, घालमेल या सगळ्यांवरची औषधं आधीच लिहून ठेवलेली असतात. त्यामुळे रात्री दोनला पेशंट कण्हायला लागला तर डॉक्टरची वाट बघत बसावं लागत नाही. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची.

इथेही चुका झाल्यात. ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ ही शेवटच्या दिवसांतल्या काळजीची ठरवून दिलेली पद्धत काही ठिकाणी नुसत्या चौकटी भरण्यावर आली, घरच्यांशी न बोलताच माणसं तिच्यात घातली गेली. २०१३ च्या चौकशीनंतर ती बंद झाली. हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्था, तर आजही मोठ्या प्रमाणात देणग्यांवरच चालतात.

आपल्याकडे मात्र आयसीयू आणि ‘आता घरी न्या’ यांच्या मधे बहुतेक ठिकाणी काहीच नाही. नातेवाइकांनी ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून सही करायची आणि तडफडणारा माणूस घेऊन घरी जायचं. मॉर्फीन ज्या अफूपासून बनतं ती सरकारी परवान्याने पिकवणारा आपला देश, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फीनची अशी धास्ती घातली की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला, धास्ती पुरती गेलेली नाही.

जाणकार माणसं आपल्याकडे आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून हे काम करतंय. टाटा हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. केरळने २००८ मध्ये धोरण करून ही सेवा गावपातळीवर नेली. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत ती रोज, रात्रीसुद्धा, मिळायला हवी. आणि त्यासाठी लागणारी औषधं महागडी नाहीत.

आणखी एक. विलवर सही करणाऱ्यालाच पुढे ‘पेशंटला काही सांगू नका’ म्हणून अंधारात ठेवतात. मग त्याने लिहिलेलं त्याला विचारणार कोण?

मसुदा पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच सांगते: सही करायच्या आधी तुमच्या नेहमीच्या हॉस्पिटलमध्ये जा आणि विचारा, मॉर्फीन ठेवता का, आणि रात्री ते द्यायला कोण असतं?