फादरांना सांगितलंय

वसईतल्या कुठल्याही चर्चचं कॅलेंडर सांभाळायचं तर कॉम्प्युटरच्या आधी चंद्र समजावा लागतो. चर्चच्या गणितातली जी पहिली पौर्णिमा २१ मार्चला किंवा त्यानंतर येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि अर्ध्या वर्षाचे कार्यक्रम या रविवारच्या मागे फरफटत जातात. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. कॅलेंडरमध्ये दररोज, दर आठवड्याला, दरवर्षी असे सगळे पर्याय आहेत; ‘चंद्र बघून’ हा नाही. मग एखादा उत्साही तरुण ईस्टर ‘दरवर्षी २० एप्रिल’ असा टाकून मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी सण होऊन पंधरवडा उलटल्यावर, भर सोमवारी, सगळ्यांचे फोन ‘आज ईस्टर’ म्हणून वाजतात.

यावर उपाय सोपा आहे. स्प्रेडशीटच्या एका चौकटीत ईस्टरची तारीख लिहायची, बाकीचं वजाबाकी-बेरजेवर सोडायचं: राखेचा बुधवार उणे ४६ दिवस, झावळ्यांचा रविवार उणे ७, गुड फ्रायडे उणे २, पेंटेकॉस्ट अधिक ४९. ही यादी कॅलेंडरमध्ये आयात करताना मात्र आधी एक वेगळं, रिकामं कॅलेंडर उघडावं. गडबड झाली तर ते अख्खं पुसता येतं. मुख्य कॅलेंडरात तीच यादी चुकून दोनदा गेली, की वर्षात दोन-दोन गुड फ्रायडे दिसतात आणि एकेक हाताने खोडावा लागतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तेवढंच प्रायश्चित्त कमी होतं.

नोव्हेनाची, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, गंमत वेगळी. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला, नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून. ‘३ डिसेंबरला संपव’ असं सांगितलं, की कॅलेंडर इमानदारीने दहा दिवस प्रार्थना करतं. ‘नऊ वेळांनंतर थांब’ हा पर्याय निवडावा. आणि नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना! २४ तारखेच्या रात्रीची म्हणून कोणी ‘२४ डिसेंबर, रात्री १२’ टाकलं, तर ती २३ तारखेची रात्र संपताना लागते. टाकायची २५ डिसेंबरला. पण मग ‘२५ च्या रात्री का?’ असं विचारणारे फोन येतात. म्हणून मी म्हणतो, वेळ सरळ २४ ची रात्री ११:३० लिहावी. कॅरोल तेव्हाच सुरू होतात, वाद मिटतो.

हॉलचं बुकिंग हे तर महाभारत. साधं कॅलेंडर एकाच वेळी दोन कार्यक्रम सुखाने शेजारी शेजारी मांडून दाखवतं, कुणालाही अडवत नाही. दहा ते बारा महिला मंडळ आणि बारा वाजता लग्नाचं जेवण, हे पडद्यावर अगदी सुबक दिसतं. खुर्च्या कोण उचलणार, हे पडद्याला ठाऊक नसतं. प्रत्येक कार्यक्रमाला आधी दीड तास आणि नंतर एक तास, हॉलच्याच नावाने, अडवून ठेवला तरच निभाव लागतो.

आता नावनोंदणी. उन्हाळी शिबिराचा फॉर्म पाठवताना उत्तर देण्याची लिंक पाठवावी; संपादनाची गेली, तर टी-शर्टच्या मापांत कोणीतरी ‘डबल एक्सएल’च्या खाली ‘बघून सांगतो’ असा पर्याय घालून जातो. ‘एकालाच एक उत्तर’ ही सोयही बंद ठेवावी. तिला गूगल खातं लागतं, आणि घरात फोन एक, खातं एक, मुलं तीन. दुबार नावं शोधायला नाव बिनकामाचं: डिमेलो, डि’मेलो, डीमेलो हे कॉम्प्युटरला तीन परकी घराणी वाटतात. फोन नंबर अधिक जन्मतारीख, ही जोडी पुरते.

कागदी चिठ्ठ्यांवरची नावं शीटमध्ये चढवताना आधी शीटचा देश भारत करावा. अमेरिका राहिली, तर ०३/०४ ला जन्मलेलं मूल ४ मार्चचं होतं आणि १३/०४ चं मूल तेरावा महिना सापडत नाही म्हणून नुसता मजकूर बनून डावीकडे सरकून बसतं. फोनचा रकानाही आधी ‘साधा मजकूर’ करावा. नाहीतर +९१ पाहून शीट बेरीज करायला घेते.

पैशांसाठी खजिनदारांची जुनी युक्ती म्हणजे शुल्क ३५० ऐवजी ३५१ ठेवणं. बँकेच्या उताऱ्यात ३५१, ७०२, १०५३ दिसलं की शिबिराचे पैसे. उरतो तो यूपीआयने ३५० पाठवून ‘सुट्टे नव्हते’ म्हणणारा, आणि ४०० पाठवून ‘बाकीचे दानपेटीत टाका’ सांगणारा. पैसे सासऱ्यांच्या खात्यातून येतात, म्हणून व्यवहाराच्या बारा अंकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे फॉर्ममध्ये मागावेत.

एवढं करूनही निम्मं गाव फॉर्म भरत नाही. मिस्सा सुटल्यावर पटांगणात भेटून ‘मी फादरांना सांगितलंय’ एवढंच म्हणतं. फादरांना त्या सकाळी चाळीस जणांनी चाळीस गोष्टी सांगितलेल्या असतात. म्हणून मुदत संपल्याची घोषणा खऱ्या मुदतीच्या आठवडाभर आधी करावी, आणि शिबिराच्या दिवशी यादीच्या दोन छापील प्रती न्याव्यात, प्रत्येकीखाली दहा कोऱ्या ओळी ठेवून. सगळ्यात आधी त्या भरतात.