‘चांदीची केबल ऐका, मग बोला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते, असं मी स्पीकर केबलवरच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण मुद्द्याला धरून लिहिलंत. म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साधी तांब्याची वायर काढून चांदीची केबल लावल्यावर तंबोऱ्याची जव्हारी उलगडली आणि घरातल्यांनाही फरक जाणवला. संगीत आकड्यांत मावत नाही. ब्लाइंड टेस्टमध्ये, म्हणजे कोणती केबल लावली आहे हे न कळता ऐकताना, कानावर दडपण येतं. आणि खरा आवाज हवा असेल तर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर आणि एलपी यांना पर्याय नाही.

तुम्हाला फरक ऐकू आला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याचं श्रेय चांदीला द्यायला मात्र मी तयार नाही.

चांदी वीज वाहून नेण्यात तांब्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी सरस आहे, बस्स. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला सुमारे ७ मिलिओहम असतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर, म्हणजे ०.०७ ओहम. तेवढ्याच जाडीच्या चांदीत तो ०.०६६ होईल. ८ ओहमच्या स्पीकरवर यातून पडणारा फरक एका डेसिबलच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. आवाजाच्या पातळीतला डेसिबलच्या दोन-तीन दशांशांखालचा फरक ओळखणं सरावलेल्या कानालाही जड जातं.

मग ऐकू आलं ते काय? केबल बदलताना फक्त केबल बदलत नाही. जुन्या वायरीची टोकं निघतात, स्क्रू नव्याने आवळले जातात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पारदर्शक पीव्हीसीतलं तांबं हिरवं पडतं आणि टोकाशी संपर्क कच्चा होतो. तो सुधारला की फरक खरोखरच पडतो, पण त्यासाठी जुनीच वायर टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर कापून नव्याने सोलली तरी पुरतं. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो. बनाना प्लग बरा.

जुनी वायर तांब्याची होती का, हेही तपासा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास मिळतात. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट आहे. अशी वायर बारीकही असेल तर फरक ऐकू येण्याच्या हद्दीत येऊ शकतो. पाऊण स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायरसुद्धा ५ मीटरवर पाव ओहमच्या आसपास जाते. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वरागणिक बदलणारा अडथळा, काही स्वरांना ४ ओहमपर्यंत उतरत असेल आणि काहींना २० पर्यंत चढत असेल, तर त्या दोन स्वरांत जवळजवळ ०.४ डेसिबलची तफावत पडते. म्हणून लेखात अडीचची वायर सुचवली होती. त्यापुढे पैसे घालून हाती काही लागत नाही.

आणखी एक शक्यता आहे. आधी एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडलेली असेल तर खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो. केबल बदलताना ती चूक नकळत सुटली, तर सगळंच उलगडल्यासारखं वाटणार. तपासणी सोपी आहे. वायर ॲम्प्लिफायरकडून काढा आणि दीड व्होल्टच्या सेलचं प्लस टोक लाल वायरीला, मायनस काळ्या वायरीला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा दोन्ही स्पीकरमध्ये एकाच दिशेने हलला पाहिजे.

शिवाय केबल लावून परत बसताना डोकं नेमकं त्याच जागी येत नाही. ३ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १२ सेंटिमीटरही नसते. डोकं त्याच्या अर्ध्याने सरकलं तरी भिंतींवरून परतणारे ध्वनी वेगळ्या तऱ्हेने मिसळतात, आणि जव्हारीचं तेज याच पट्ट्यात असतं.

ब्लाइंड टेस्टच्या दडपणाबद्दल: घाई करायला कोण सांगतंय? हवं तर एका फेरीला एक आठवडा घ्या. घरातल्या कुणालातरी नाणं उडवून केबल लावायला सांगा, टोकं कापडाने झाका, आणि लावणाऱ्याने त्या वेळी तुमच्या समोर येऊ नये. ऐकायचं तेवढं ऐका आणि उत्तर लिहून ठेवा. अशा १६ फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. ११ ला ती १० टक्क्यांवर जाते, म्हणून ११ पुरेसे नाहीत. मोजमाप नाही, आलेख नाही, इथे फक्त तुमचे कान आहेत. ‘कान वापरा’ हा तुमचा आग्रह मी इथे शब्दशः पाळतो आहे. ध्वनी-संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हार्मन या ऑडिओ कंपनीमध्ये ४० जणांना तेच चार स्पीकर एकदा बघून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. पडदा नसताना गुण बदलले. डोळ्यांना जे दिसतं ते कानांच्या निर्णयात शिरतं. हे सगळ्यांचंच होतं आणि त्यात कमीपणा नाही.

हीच चाचणी ॲम्प्लिफायरची करणार असाल तर आधी पातळी जुळवा, नाहीतर किंचित मोठा वाजणारा नेहमी सरस वाटतो. २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एकावर २.८३ व्होल्ट आले तर दुसरा २.८० ते २.८६ मध्ये आला पाहिजे. म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत.

व्हॉल्व्हचा मुद्दा मला मान्य आहे. बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांचा आवाज खरोखर वेगळा असतो आणि त्याचं कारण मोजता येतं: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला अडथळा. तो २ ओहम असेल तर वर सांगितलेल्या ४ ते २० ओहमच्या स्पीकरवर पावणेतीन डेसिबलची तफावत पडते. हे कुणालाही ऐकू येईल. ॲम्प्लिफायर बनवणारे बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली ‘स्टिरिओफाइल’ या अमेरिकी ऑडिओ मासिकाचं आव्हान स्वीकारलं आणि आपल्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचं आउटपुट त्यांच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरशी इतकं जुळवून दिलं की संपादकांना दोन्हींत फरक सांगता आला नाही. तुम्हाला तो आवाज आवडतो तर जरूर ऐका. फक्त तो स्पीकरगणिक बदलतो, म्हणून ॲम्प्लिफायर घेताना स्वतःच्या स्पीकरवरच ऐकून घ्या.

एलपीचं एवढंच सांगतो. २०२२ साली उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी आपल्या अनेक नावाजलेल्या एलपी कापताना मधल्या टप्प्यावर डीएसडी, म्हणजे डिजिटल प्रत, वापरत होती. निखळ ॲनालॉग म्हणून त्या वाखाणल्या गेल्या होत्या. डिजिटलने जीव जातो म्हणणाऱ्यांना त्या वर्षानुवर्षं ऐकून ते कळलं नव्हतं. एलपी आणि सीडी वेगळ्या वाजतात त्याचं मोठं कारण बहुतेक वेळा वेगळं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी ध्वनीवर होणारा शेवटचा हात, हे असतं.

आता खोली. तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही, आणि सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे. १२ बाय १० फुटांची खोली धरा. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर, म्हणून लांबीमुळे ४८ आणि रुंदीमुळे ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. छत १० फुटांवर असेल तर ५७ ला दुहेरी फटका. ४८ हर्ट्झचा स्वर बेताच्या आवाजात लावा आणि लांबीच्या दिशेने चाला. भिंतीशी तो अंगावर येईल, मध्यावर जवळजवळ नाहीसा होईल. तबल्याच्या डग्ग्याची मींड ऐकताना काही सुरांवर घुमारा एकदम फुगत असेल, तर दोष बहुधा खोलीचा आहे.

ध्वनी शोषायला लागणारी जाडी तरंगलांबीच्या प्रमाणात असते, आणि ५० हर्ट्झला पाव तरंगलांबीच पावणेदोन मीटर भरते. अंड्याच्या ट्रेसारखा इंचभर फोम तिथे काहीच करत नाही; तो फक्त वरचे सूर खातो आणि आवाज मंद करतो. आधी सोफा मागच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घ्या, पण खोलीच्या ऐन मध्यावर नको. मग बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या. बसल्या जागेवरून स्पीकर जिथे दिसेल तिथे १०० मिलिमीटर जाडीचा रॉकवूलचा पॅनेल, मागे तेवढीच पोकळी सोडून, कापडात बंद करून लावा. कापताना मास्क आणि हातमोजे घाला. उरलेले उंचवटे, म्हणजे फुगणारे सूर, इक्वलायझरने उतरवा. खड्डे, म्हणजे दबलेले सूर, भरायला जाऊ नका, कारण १० डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लागते आणि खड्डा तरीही भरत नाही.

तुम्ही ‘या आणि ऐका’ असं आमंत्रण दिलंत, त्याबद्दल आभार. त्याआधी एक करता आलं तर बघा. मापनाचा यूएसबी माइक आणि खोलीतला आवाज मोजणारं आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, माइकची कॅलिब्रेशन फाइल (त्याच्या चुका दुरुस्त करणारी) त्यात भरा, माइक कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवा, पंखा आणि एसी बंद करा. एकाच स्पीकरवर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर, आधी तांब्यावर आणि मग चांदीवर घ्या. मध्ये माइक किंवा स्पीकर तसूभरही हलू देऊ नका. नंतर केबल तीच ठेवून माइक १० सेंटिमीटर सरकवा आणि तिसरा स्वीप घ्या. तिन्ही रेषा एकाच आलेखावर ठेवून मला पाठवा. निकाल काहीही आला तरी तो आलेख मी मूळ लेखात टाकेन.