स्वदेशी मिक्सर घेणाऱ्यांसाठी काही सूचना

सगळ्यात आधी डोक्यात एक पक्कं बसवा, तुम्ही मिक्सर घ्यायला चाललेला नाही, देश उभारायला हातभार लावायला चाललाय. त्यामुळे किंमत ऐकून चेहरा पाडायचा नाही. मागच्या दिवाळीला हाच आठशेने स्वस्त होता ना, असं तर चुकूनही विचारू नका, कारण मग शेठ तुम्हाला इम्पोर्ट ड्युटी, डॉलर, कॉपरचा भाव असं सगळं ऐकवणार आणि शेवटी म्हणणार, "साहेब, पण माल आपला आहे ना." यावर आपण काय बोलणार? माल आपला, खिसा पण आपलाच.

आम्ही लोहार चाळीतून घेतला. आई सोबत होती. तिने एकच विचारलं, "वाटणाला चालेल ना रे?" त्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आई, दगड टाका, पीठ करून देईल." आता बाई मालवणची, तिने दगड टाकला नाही, खोबरं टाकलं. चूक तिचीच. पण त्यावर नंतर येतो.

बिल घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. बिलाशिवाय घेतलात तर दोनतीनशे सुटतात, आणि सरकारचा टॅक्स बुडाला तरी देशी कंपनीचा धंदा होतोच, म्हणजे देशभक्ती साधारण निम्मी होते. मी पूर्ण करायला गेलो, बिल घेतलं. ते मिळालं त्या गुळगुळीत कागदावर, आणि त्या कागदाची गंमत अशी की कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी ठेवला तरी अक्षरं उडतात. सातव्या महिन्यात बाहेर काढला तर कोरा, नुसता पिवळट. वॉरंटी दोन वर्षांची आणि बिलाचं आयुष्य सहा महिन्यांचं! तेव्हा सूचना अशी, दुकानातून बाहेर पडल्या पडल्या झेरॉक्स मारा, तिचा फोटो काढा, तो स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा आणि फॅमिली ग्रुपवरही टाका, तिथे शुभ सकाळच्या फुलांखाली काहीही कायमचं सुरक्षित राहतं.

खोकं घरी आणल्यावर समोरून बघा, मागून बघू नका. समोर तिरंगी पट्टा असतो, छान वाटतं. २५ सप्टेंबर २०१४ ला मेक इन इंडिया सुरू झालं तेव्हाचा तो दातेरी चाकांचा सिंह आठवतो ना, तसाच काहीतरी रुबाब. मागे मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत 'मार्केटेड बाय' वगैरे असतं, ते वाचायला चष्मा लागतो आणि वाचल्यावर बीपीची गोळी. आणि किमतीच्या जागी जर स्टिकर चिकटवलेलं असेल तर नखाने खरवडायचा मोह आवरा. मला आवरला नाही. वर ४,७९५ होतं, खाली ३,९९५. म्हणजे कॉपर नाही, डॉलर नाही, ड्युटी नाही, महागाई गोंदाने चिकटवलेली. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यात म्हटलंय की वेगळं स्टिकर लावायचं तर फक्त किंमत कमी करायला, आणि तेही मूळ एमआरपी न झाकता. पण हे शेठला सांगायला जाऊ नका हं. मी गेलो. तो म्हणाला, "अहो, ते कंपनीतूनच तसं येतं." म्हणजे हेही देशात उत्पादित झालेलं. अभिमान वाटायला पाहिजे.

आता काही नतद्रष्ट विचारतील की यात भारताचं नक्की किती टक्के आहे. नका विचारू. सरकार स्वतः खरेदी करतं तेव्हा विचारतं, २०१७ चा आदेशच आहे, स्थानिक हिस्सा ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० असेल तर दुसऱ्या. तिथे कागद लागतो, सही लागते, खोटं निघालं तर काळ्या यादीत नाव. तुम्ही-आम्ही खरेदी करतो तेव्हा तिरंगी पट्टा लागतो. सरकारचा विश्वास नसतो म्हणून ते विचारतं, आपला असतो. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' वाचून ज्यांनी बालपण काढलं त्यांनी तरी खोक्यावरच्या अक्षरांबद्दल तक्रार करू नये.

बरं, सरकार काही करत नाही असं म्हणाल तर तो निव्वळ खोटेपणा होईल. खेळण्यांचंच घ्या. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवर २० टक्के ड्युटी होती, ती २०२० मध्ये ६० केली, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. मार्क हवाच, पोरं तोंडात घालतात, त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. पण ड्युटी कारखानदाराला वाचवते आणि मार्क पोराला वाचवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषणात त्या एका दमात म्हटल्या जातात, त्यामुळे ड्युटीची भिंत तुमच्यासाठीच बांधलीये असं वाटतं. भिंत बांधलीये हे खरं, फक्त तुम्ही तिच्या आत दुकानदारासोबत आहात.

शिवाय पीएलआय, म्हणजे उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना. १४ क्षेत्रं, एकूण तरतूद १.९७ लाख कोटी. मोबाइलवाल्या मोठ्या कंपन्यांना वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के रोख प्रोत्साहन, माल बनवा, विका, पैसे घ्या. कारखाने आले, फोन बाहेर जायला लागले, कोणी नाही म्हणतंय? मला फक्त वाटतं की आपल्यासाठीही अशी एखादी असावी, मनस्ताप-संलग्न प्रोत्साहन योजना. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक वाढीव फेरीवर ४ टक्के. माझा मिक्सर आजवर फुकटात पडला असता.

आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहेच की, २०२० पासून. २०२२ मध्ये त्यांनी एका बड्या ऑनलाइन कंपनीला पकडलं, आयएसआय सक्तीचा झाल्यावरही तिच्या साइटवरून मार्क नसलेले २,२६५ प्रेशर कुकर गेले होते. दंड किती? १ लाख. बसल्या बसल्या भागाकार केला, कुकरमागे ४४ रुपये. एवढ्यात रिंग पण येत नाही हो कुकरची! ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या असंही आदेशात होतं, ते बरोबरच आहे, पण ४४ रुपये हा आकडा काही डोक्यातून जात नाही.

मध्येच एक सांगतो. लोहार चाळीतून बाहेर पडून काळबादेवीकडे गेलं की तो रस्ता लागतो जिथे १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला. गिरणी कामगार होता. ट्रक अंगावरून गेला. माझे वडील पण गिरणीत होते, संपानंतर गिरणी बंद ती बंद, आणि ते मरेपर्यंत देशी कापडच घालायचे, पण घेताना कापडाचा धागा उसवून, चुरगळून, उजेडात धरून बघायचे, दुकानदार वैतागायचा. स्वदेशी आहे म्हणून कोणाला सूट दिलेली मी बघितली नाही. असो. मिक्सर.

तर रविवार होता, बांगडे आणले होते. आईने खोबरं, धणे, मिरच्या, त्रिफळं वगळून बाकी सगळं भांड्यात घातलं, झाकण दाबलं, दोन नंबरवर फिरवलं आणि आधी तो चढा आवाज आला, मग आवाज बसला, मग तो वास. ज्यांच्या घरी कॉइल जळलीये त्यांना तो वास सांगायला नको, ज्यांच्या नाही जळली त्यांना सांगून उपयोग नाही. वाटण अर्धं झालेलं. उरलेलं आईने पाट्यावर वाटलं, तोंडाने काही न बोलता, आणि ते न बोलणं मी अजून फेडतोय.

अशा वेळी काय करावं? १९१५ ला फोन करावा. हे मी खरंच सांगतोय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पलीकडची मुलगी मराठीत बोलली, नीट ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, मला भरून आलं. तीन आठवड्यांनी मेसेज आला की कंपनीने ग्राहकाशी संपर्क साधून समाधान केले आहे. कुठल्या ग्राहकाचं ते नव्हतं लिहिलं. त्याचं अभिनंदन.

मग सर्व्हिस सेंटर. साकीनाक्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या माळ्यावर गाळा, लिफ्ट फक्त मालासाठी, तेव्हा मिक्सर लिफ्टने पाठवा आणि तुम्ही जिन्याने जा. तिथल्या दादाने बूड उघडलं, वास घेतला. "ओव्हरलोड. काय घातलेलं?"

"खोबरं."

"ओलं की सुकं?"

"ओलं."

"मग तेच. मॉइश्चर जातं आत."

"सुकं घातलं असतं तर?"

"सुक्याने लोड येतो."

दोन्ही बाजूंनी पॅक. मी म्हटलं, दादा, मग यात घालायचं काय? तो थोडा विचार करून म्हणाला, "ज्यूस वगैरे." मोटर टेबलावर होती, तिच्यावर आपल्याला वाचता येणार नाही अशी अक्षरं. मी नुसतं बघितलं तर तोच म्हणाला, "असेंब्ली इकडचीच आहे सर, वसईला आवळतात." म्हणजे स्क्रू आपले. पार्ट येतोय, तो अजून येतोय. २०२२ च्या ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल पण काढलं, हक्क आला, पार्ट मागून येईल.

आणि अगदीच हट्टी असाल तर ग्राहक आयोग आहे. सोय उत्तम आहे, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार टाकता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकली की झालं. कायद्यात म्हटलंय तीन महिन्यांत निकाल, वस्तू लॅबला पाठवली तर पाच. मला पहिली तारीख मिळाली, मग कंपनीच्या वकिलांना वेळ हवा होता, मग वकील बदलले, मग नव्या वकिलांना वेळ हवा होता. ते तरी काय करणार, नवीन माणूस. आईला वाटतं मी कुठेतरी नोकरीला लागलोय. आमची मावशी मुंबई ग्राहक पंचायतीत, १९७५ पासूनची संस्था, तिथल्या ग्राहक संघाचं महिन्याचं सामान आलं की बायका जमून वाटप करतात, काटा आधी तपासून, तर ती म्हणते, "अरे, घ्यायच्या आधी चौघींना विचारायचं असतं, नंतर चौघांना सांगत फिरण्यापेक्षा." तिला काय, तिच्याकडे पाटा आहे आणि मिक्सर पण चालू आहे.

पुढची तारीख गुरुवारची. वस्तू सोबत आणा म्हणालेत. तर शेवटची सूचना, मिक्सर लोकलने नेऊ नका, सकाळच्या गर्दीत भांड्याचं हँडल तुटतं आणि मग ते 'फिजिकल डॅमेज' होतं. बसने न्या. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायला लागला तर वाद घालू नका, ते तिकीट घ्या, आणि उतरल्या उतरल्या झेरॉक्स मारा, ते पण त्याच कागदावर छापतात.