खोकल्याचे तीन महिने

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीबीवरून दोन तट पडलेत. २०२५ पर्यंत भारत टीबीमुक्त करू, अशी घोषणा २०१८ साली झाली होती. ते साल सरलं, टीबी काही गेला नाही. एक तट म्हणतो, सरकारनं फसवलं. दुसरा म्हणतो, जागतिक आरोग्य संघटनेचे आकडेच फुगवलेले; आपण स्वतःचं गणिती मॉडेल केलं, त्यात २०२२ चे रुग्ण २७.७ लाख निघाले, त्यांच्या हिशेबात २९.४ लाख होते.

मी लेस्टरमध्ये राहते आणि संख्याशास्त्रावर पोट भरते. मला हे दोन आकडे भांडणाचे वाटतच नाहीत. न मोजलेल्या माणसांचे दोन अंदाज इतके जवळ येतात, तेव्हा दोन्हींवर थोडा विश्वास बसतो.

उद्दिष्ट होतं २०१५ च्या तुलनेत नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करण्याचं. दहा वर्षांत ते साधायचं तर दरवर्षी १५ टक्के घट हवी. महायुद्धानंतर पश्चिम युरोपात नवी औषधं आली, घरं सुधारली, खाणं सुधारलं, तरी तिथला वेग वर्षाला १० टक्क्यांच्या आसपासच होता. भारतात लाखामागे नवे रुग्ण २०१५ मधल्या २३७ वरून २०२४ पर्यंत १८७, म्हणजे वर्षाला अडीच टक्के. जगाच्या मानानं हा वेग चांगला आहे आणि तो कुणीतरी राबून मिळवलाय. पण आपल्याकडे साधारण ३१ टक्के प्रौढांच्या शरीरात जंतू निजलेला असतो. त्यातल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. आज संसर्ग पूर्ण थांबवला तरी रुग्ण येतच राहणार. उद्दिष्ट ठरवताना हे गणित समोर होतं.

माझा मामेभाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. तीन महिने खोकत होता. मेडिकलमधून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणायचा, रात्री एकाच खोलीत बायको आणि दोन मुलं. मग थुंकी तपासली. मॉडेलमध्ये त्या तीन महिन्यांना एक अक्षर असतं: संसर्ग पसरवण्याचा काळ. या अक्षराची किंमत कमी झाली की रुग्णांची पुढची सगळी वक्ररेषा खाली येते. राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचाराला गेलेच नव्हते. भांडायचंच तर यावर भांडा.

इथे माझ्या ऑफिसातल्या एकाला टीबी झाला, तेव्हा नर्सचा फोन आला, त्याच्या टेबलाजवळच्या सगळ्यांचं रक्त तपासलं, दोघींना तीन महिने प्रतिबंधक गोळ्या दिल्या. इंग्लंडमध्ये वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण, म्हणून हे जमतं. सत्तावीस लाखांना असं कसं पुरं पडायचं, हे मलाही कळतं. पण झारखंडमधल्या अभ्यासानं दाखवलंय की रुग्णाच्या घरच्यांना पोटभर शिधा दिला तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी होतो. शिधा तर आपल्याला वाटता येतो.

परवा मी भावाला विचारलं, "दादा, मुलांची तपासणी झाली का रे?"

"मोठ्याची झाली," तो म्हणाला. "धाकटी त्या दिवशी शाळेत होती."